चार दारं, एक सही

४ जानेवारी, रविवार
जुन्या गाड्यांच्या क्लबची मीटिंग, स. १०, कॉलेज रोड. विषय एकच. चार दारांच्या विलायती गाड्या रॅलीत स्पोर्टी गटात घ्यायच्या की फॅमिली गटात. आमचीही तसलीच, म्हणून माझ्या थोरल्या भावाने, दादाने, नवा शर्ट घातला होता. वय अठ्ठ्याहत्तर, पण गाडीचा विषय निघाला की अठरा.

अध्यक्ष द्राक्षबागायतदार, स्वतःची लाल टू-सीटर. म्हणाला, "काका, जिच्या मागे आजी बसते ती कसली स्पोर्टी?" हशा.

दादा उठला. "मालेगावच्या लग्नाहून येताना राहुडचा घाट चढत होतो. मागे आमची आई, मांडीवर लाडवांचा डबा. पुढे तुझ्या गाडीसारखीच एक दोन दारांची. वळणावर मागे टाकली तिला. आई काय म्हणाली माहितीये? थांबू नको."

मग कोणी हसलं नाही. त्या दिवशी गाडीत मीही होतो. साक्ष द्यायला तोंड उघडलं नाही. चपलांकडे बघत बसलो.

६ जानेवारी, मंगळवार
तोंड का उघडलं नाही ते इथे तरी लिहावं.

दादा मस्कतला होता ती सहा वर्षं गाडी माझ्याकडे. ओझरच्या कारखान्यात रोज जा-ये, बरोबर तिघे, पेट्रोल परवडेना. तेव्हा सगळेच करत होते ते मीही केलं. मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलं. मूळ इंजिन, दोन्ही कार्बुरेटरसकट, चांदवडच्या एका कांदेवाल्याला दिलं, विहिरीचं पाणी उपसायला. दादाला पत्रात एका शब्दाने कळवलं नाही.

तो आला. बॉनेट उघडलं, पाहिलं, बंद केलं. "बरं केलंस." त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. दसऱ्याला हार घालतो, हळदकुंकू वाहतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ते चिरडायला गाडी पुढे घेतो तो मी.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ जानेवारी, शुक्रवार
अध्यक्षाचा फोन. समितीने मानलं. चार दारं असली तरी स्पोर्टी चालेल, अट एकच, इंजिन मूळ हवं. "आणि काका, तुम्ही विमान कारखान्यातले इन्स्पेक्टर. तपासणीची सही तुमचीच." आपलेच दात, आपलेच ओठ.

संध्याकाळी दादा जिना उतरून आला. फॉर्म भरलेला. इंजिन मूळ: होय. वळणदार अक्षर.

"एक सही कर, शशी."

"दादा, चौतीस वर्षांत एक खोटी सही केली नाही मी."

"माहितीये. इंजिन काढताना सही लागत नव्हती."

एवढ्या वर्षांनी आलं बाहेर. चहा न पिताच वर गेला. मला राग आला, आणि कोणावर ते कळेना.

११ जानेवारी, रविवार
चांदवड. बसने गेलो, गाडी न्यायचा धीर झाला नाही.

कांदेवाला वारला. मुलगा पन्नाशीचा. इंजिन आहे! शेडमध्ये, विटांवर. विजेची मोटार आली तेव्हापासून बंद. "भंगारवाले लय येऊन गेले. आबा नाय म्हणायचे. दुष्काळात ह्याच्यावर मळा जगला आमचा. दसऱ्याला पूजा करतो ना."

कुंकवाचे थर इतके की नंबर दिसेना. विचारून ओल्या फडक्याने पुसले. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, कारखान्यात करायचो तशी. नंबर उमटला. गाडीच्या कागदांशी जुळतो, आकडा न आकडा. फिरवून पाहिलं. जाम. कार्बुरेटर एकच उरलाय, त्यात गांधीलमाशीचं घर.

"परत द्याल का?"

"काका, देव कोण देतं का?" मग माझ्या तोंडाकडे बघून, "आईला इचारतो."

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन वर गेलो. आणि तो पेन्सिलीचा कागद.

दादाने चष्मा लावला. नंबर तोंडपाठ आहे त्याला, तरी बोट ठेवून वाचला.

"फिरतंय?"

"नाही. जाम आहे."

"कुठे होतं?"

"मळ्यात. पूजा करतात त्याची."

"त्यांनी इंजिनाची तरी केली. आपण तीस वर्षं नुसत्या पत्र्याच्या डब्याची करतोय."

कागद खिशात घातला, तिळगूळ तोंडात टाकला. गोड बोल असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही.

१८ जानेवारी, रविवार
स. ६. दादा खाली, स्वेटर, मफलर. "किल्ली दे." मी दिली आणि शेजारी बसलो.

राहुडचा घाट उतरलो, वळलो, पुन्हा चढायला लागलो. रस्ता आता चौपदरी, जुनी वळणं गेली. दादा इतक्या वर्षांनी स्टिअरिंगवर. गिअर मात्र तसाच पडला, लोण्यात सुरी जावी तसा. पुढे इंजिन घरघरतंय, चढ घेत नाही. ट्रक गेले, कंटेनर गेले, दुधाचा टँकर हॉर्न देत गेला. आम्ही एकालाच मागे टाकलं. कांद्याच्या ट्रॉलीला.

वर पोचल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. आरशातून मागची रिकामी सीट बघत राहिला.

"आई असती तर आज थांब म्हणाली असती."

येताना किल्ली माझ्या हातात. चांदवड मागे पडल्यावर म्हणाला, "फॅमिलीत टाक. तिथे इंजिनाची अट नाही. मग तर सही करशील?"

१९ जानेवारी, सोमवार
फॉर्म समोर आहे. दादाने 'होय' खोडून 'नाही' केलंय. गट: फॅमिली. आता त्यात खोटं एक अक्षर नाही, कोणीही डोळे मिटून सही करील.

पण मी त्या घाटात होतो. मागे आई होती, चार दारं होती, आणि ती गाडी स्पोर्टीच होती. फॅमिलीची मी केली. ते लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

दुपारी चांदवडहून फोन. "आई म्हनती, घेऊन जा. फक्त दसऱ्याला हार घालायला आमाला बोलवा."

जाम इंजिन, एक कार्बुरेटर गहाळ. बसवायला वर्ष जाईल. दादा अठ्ठ्याहत्तर. हे वर जाऊन सांगू की नको? सांगितलं तर आशा लावल्याचं पाप, नाही सांगितलं तर पुन्हा तेच, त्याच्या पाठीमागे मी ठरवलं.

फॉर्म उद्या दुपारपर्यंत द्यायचाय. वर दादाच्या चपलांचा आवाज येतोय, खिडकीपर्यंत जातो, परत येतो. सही अजून केलेली नाही.