गॅलरीतला मांसप्रकल्प

३ जानेवारी
निर्णय झाला. घरच्या घरी, खाण्यासाठी, कबुतरं पाळायची. गॅलरीत. बाजारातून मांस आणणाऱ्या लोकांचा मला तिटकारा आहे. जीव दुसऱ्याने घ्यायचा आणि रस्सा यांनी ओरपायचा. ज्याला खायचं आहे त्याने स्वतः मारावं. आमच्या इमारतीत हे आजवर कुणाला सुचलं नाही, यात नवल नाही.

सासऱ्यांना कायमचं आपल्याकडे आणायचं आणि गॅलरी बंद करून त्यांची खोली करायची, असं बायको गेल्या आठवड्यात म्हणाली होती. माझ्या निर्णयाचा त्याच्याशी काही संबंध आहे का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही.

४ जानेवारी
हिला सांगितलं. भाजी चिरत होती, सुरी थांबली नाही. अट घातली. बाबा मार्चअखेर येतील. त्याआधी गॅलरीतलं एक तरी कबुतर ताटात आलं, तर गॅलरी माझी आणि बाबा मेहुण्याकडे राहतील. नाही आलं, तर गॅलरी बाबांची. मी लगेच हो म्हटलं. तिची कीव आली.

१० जानेवारी
पिंजरा बघायला मेहुणा आला. याचा धंदा फ्रोझन चिकनचा. माणूस पक्ष्यांवर जगतो, पण पक्षी ओळखतो तो पुठ्ठ्यावरच्या चित्रावरून. विचारत होता, भावोजी, कबुतरात खायला असतं काय, पिसं? त्याला सगळं शास्त्र समजावलं. साधारण महिन्याचं पिल्लू, उडायला लागण्याआधी, आईबापाएवढं भरतं आणि मऊ असतं. एकदा उडालं की मांस चिवट. त्याने जांभई दिली.

"ते ठीक आहे," म्हणाला. "कापणार कोण?"

मी पिंजऱ्याची जाळी तपासायला घेतली. आपली पातळी सोडून किती खाली यायचं?

१४ जानेवारी
दोन जोड्या आणल्या. एक जोडी छान घुमते. दुसरी दिवसभर एकमेकांना टोचते. दोन्ही नर असावेत. पण घाईने मत बनवणं माझ्या स्वभावात नाही.

१८ जानेवारी
दोन्ही नरच. बदलून आणायला निघालो, जिन्यात पिशवीचं तोंड सुटलं आणि दोघंही उडाले. एक जोडी पुरे. मला दर्जा हवा होता, संख्या नव्हे.

२८ जानेवारी
दोन अंडी! दिवसा काही तास बाप उबवायला बसतो, बाकी वेळ आई. हिला दाखवलं. म्हणाली, बघा, बापही बसतो. टोमण्याकडे दुर्लक्ष केलं.

१५ फेब्रुवारी
एक अंडं पोकळ निघालं. दुसऱ्यातून पिल्लू. अत्यंत कुरूप. पिवळट केस, मिटलेले डोळे, डोक्याहून मोठी चोच. मेहुण्याची आठवण झाली. समाधान वाटलं. यात जीव गुंतण्याचा प्रश्नच नाही.

२२ फेब्रुवारी
घाबरून मेलेल्या प्राण्याचं मांस ताठ होतं, असं वाचलं. शिवाय नैतिक बाजू आहेच. म्हणून पद्धत ठरवली: पिल्लाला माझ्या हाताची इतकी सवय लावायची, की शेवटच्या क्षणी त्याला वेगळं काही वाटू नये. सकाळ-संध्याकाळ तळहातावर घेणे. मान खाजवणे. ही निव्वळ स्वयंपाकाची पूर्वतयारी आहे.

४ मार्च
पिल्लू माझा आवाज ओळखतं. नाव ठेवलेलं नाही. खाण्याच्या वस्तूला नाव ठेवणारे लोक मूर्ख असतात. 'ए बाळा' हे नाव नव्हे.

९ मार्च
डोकं दुखत होतं म्हणून ऑफिसातून लवकर आलो. पिल्लाने माझ्या बोटांतून मटार खाल्ले. डोकं दुखायचं थांबलं. योगायोग.

१५ मार्च
आजचा दिवस ठरला होता. सुरीला धार लावली होती. मेहुण्याला साक्षीदार म्हणून जेवायला बोलावलं होतं. सकाळी बारकाईने पाहिलं तर पंखाखाली पिवळी लव शिल्लक. अजून तयार नाही. अशा वेळी कापणं हा अडाणीपणा झाला असता. मेहुणा बटाटे खाऊन गेला. जाताना म्हणाला, मऊ होते.

१८ मार्च
लव गेली. पण कापण्याआधी पक्षी उपाशी लागतो आणि आज याचं पोट गच्च. कुणीतरी निष्काळजीपणे खायला घातलं होतं. (मी.)

२२ मार्च
स्वतःच मारलं पाहिजे हे तत्त्व तपासून पाहिलं. त्यात थोडा अहंकार आढळला. म्हणून पिल्लू बुटाच्या खोक्यात घालून खाटकाकडे गेलो. रांगेतली माणसं निर्विकार. शिसारी आली. माझा नंबर लागला, खाटकाने हात पुढे केला. मी अर्धा किलो चिकन मागितलं.

घरी येऊन मी खोटं बोललो का? नाही. ताटं वाढली आणि एवढंच म्हटलं की शेवटी झालं एकदाचं. हिने पातेल्यात डाव फिरवला.

"एका कबुतराला तीन तंगड्या कशा?"

तेवढ्यात बाळ येऊन माझ्या पायावर बसलं.

२६ मार्च
पिल्लू उडालं. कपाटावर जाऊन बसलं. मांस आता चिवट. प्रकल्प तांत्रिक कारणाने थांबवला आहे. मी हरलो असं कुणी म्हणणार असेल, तर त्याने आधी विषयाचा अभ्यास करावा.

३० मार्च
सासरे आले. सोबत रेडिओ. गॅलरी बंद करायला सुतारही आला. ही म्हणाली, पिंजरा आजच हलवायचा, मेहुणा कबुतरं घेऊन जायला तयार आहे. त्याचा धंदा मला माहीत आहे.

"कबुतरं कुठेही जाणार नाहीत," मी म्हणालो. आवाज जरा चिरकला.

ही रागावली नाही, हे जास्त अपमानास्पद होतं. सुताराला परत पाठवलं. म्हणाली, ठीक आहे, पिंजऱ्याशेजारी बाबांना काही झोपवता येणार नाही. बाबा आपल्या खोलीत, मी हॉलमध्ये. तुम्ही बघा.

३१ मार्च, संध्याकाळ
गॅलरी अखेर माझी झाली. गादी पिंजऱ्याला लागूनच बसते. बाळाने उशीवर घाण केली आहे, पण एकाच कोपऱ्यात. सासरे रेडिओ थांबवून म्हणाले, जावईबापू, वास येतो हो, दार ओढून घेतो. घेतलं.

कडी त्यांच्या बाजूला आहे.