दारापर्यंतचे बाण

१० नोव्हेंबर १९९१, रविवार

भाऊबीज उरकली आणि आज एकदाचा पनवेलात दाखल झालो. एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि माझे डोंगरात चालायचे बूट, एवढा संसार. एसटी स्टँडवरच्या रिक्षावाल्याने बूट पाहून विचारलं, साहेब पोलिसात का? म्हटलं, नाही रे बाबा, नव्या कारखान्याचं स्टोअर सांभाळायला आलोय. त्याचा काही विश्वास बसला नाही.

घर मात्र झकास मिळालंय. वस्तीतलं अगदी शेवटचं. दोन खोल्या, पुढे ओटा, मग फाटक. मागे कापणी झालेली भातखाचरं, त्यांच्यापलीकडे ओढा, मग रान, आणि रानाच्या वर आंबेमाथ्याचा डोंगर. वर एक छोटी वाडी आहे म्हणे. पुण्यात असताना डोंगर गाठायला पहाटे उठून दोन-दोन गाड्या बदलायचो. इथे परसदारी डोंगर! नशीब काढलं बुवा.

नीता पुण्याला माहेरी आहे. पहिलं बाळंतपण, महिन्याभरात मोकळी होईल. तोवर मला रान मोकळं. चहा करून ओट्यावर बसलो आणि उन्हं उतरेपर्यंत डोंगर बघत राहिलो.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज वर जाऊन आलो. बैलगाडीचा रस्ता लांबून वळसा घेत चढतो, धुळीचा आणि कंटाळवाणा, पण माथ्यावर पोचलं की सगळं माफ. एका अंगाला खाडी चकाकते, दुसऱ्या अंगाला रानच रान. साग, ऐन, मधूनच एखादी पांढरीफटक सावर.

वाडीत बळीराम भेटला. पंचविशीतला, अंगाने काटक, बोलायला कमी. त्याच्या आईने, चंद्रावतीबाईंनी, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. मांडीवर तान्ही नात होती. बकरीच्या दुधात कापूस भिजवून तिच्या ओठांत पिळत होत्या. मी आपलं सहज विचारलं, हिची आई कुठे? चंद्रावतीबाई म्हणाल्या, भामा दिवालीलाच गेली, बालंतपनात. पोरीला एकदा पाजायचं बी राहून गेलं. जाताना तेवढंच बोलत व्हती, मला पाजू द्या, मला पाजू द्या.

आपली नीता तिकडे अशीच भरल्या दिवसांची. उतरताना भराभर उतरलो.

४ डिसेंबर, बुधवार

तार आली! मुलगा! दोघं सुखरूप! कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले, साहेबांना दोन दिले. आजच रात्रीच्या गाडीने पुण्याला निघतो. अहाहा, मी बाप!

२२ डिसेंबर, रविवार

बाळ काय गोड आहे! नाक माझं, रागही माझाच. सहा आठवडे झाले की नीता त्याला घेऊन इकडे येणार.

पुण्याची आमची डोंगरवेडी मंडळी सव्वीस जानेवारीला यायची म्हणतात. म्हटलं या, तुम्हाला अशी वाट दाखवतो की बोटं तोंडात घालाल. माझ्या दारातून सुरू आणि थेट वाडीत. गाडीरस्त्याने नको, तो कोणालाही सापडतो. ओढ्यावरून रानात घुसणारी एक जुनी पायवाट आहे, ती आज हुडकली. ओढ्याकाठी दगडांची एक ताजी रास दिसली, तिथून वाट वर चढते. सुरुवातीलाच कोणीतरी बोरीच्या काट्या आडव्या टाकून ती बंद केलेली. गुरं जाऊ नयेत म्हणून असेल. काठीने उचलून सगळ्या ओढ्यात ढकलून दिल्या. हात ओरबाडले, पण वाट मिळाली. आणि काय वाट! दोन्ही बाजूंना कारवी, वर खिंड, खिंडीतून पुढे सरळ वाडीचं खळं.

पुढच्या रविवारी पांढरा ऑइलपेंट घेऊन जातो. दगडादगडावर बाण काढायचे, म्हणजे शहरी वासरं चुकायची नाहीत. पहिला बाण आपल्या फाटकाच्या खांबावर.

२९ डिसेंबर, रविवार

बाण काढून झाले. फाटकापासून वाडीपर्यंत. नवखासुद्धा डोळे मिटून जाईल असे ठळक.

पण वाडीत आज भलतंच झालं. खिंडीतून, हातात रंगाचा डबा घेऊन मी खळ्यात उतरलो तशी माणसं उठून उभी राहिली. कोणी पाणी विचारलं नाही. चंद्रावतीबाई नातीला पदराखाली घेऊन घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

बळीरामने मला बाजूला घेतलं. म्हणाला, साहेब, या वाटेने आमी भामीला खाली नेली. ओढ्याकाठची रास तिचीच. ज्या वाटेने मढं गेलं, त्या वाटेला वरीसभर काटे घालायचे आणि आमी दुसरीकडून माघारी यायचं, ही आमच्याकडची रीत. मेल्या माणसाला घरची वाट आठवत नाय. तुमी काटे काढलेत आणि वर तिला वाट काढून दिलीत.

मी म्हटलं, अरे बळीराम, ते बाण पुण्याच्या लोकांसाठी आहेत. भामाला काय वाचता येत होतं?

तो म्हणाला, बानाला शाळा लागत नाय.

मला हसू आलं. हसायला नको होतं.

५ जानेवारी १९९२, रविवार

पुन्हा वर गेलो, गाडीरस्त्याने. मनाला लागलं होतं म्हणून पोरीसाठी दूधपावडरीचा डबा नेला. चंद्रावतीबाईंनी तो हातातही घेतला नाही. म्हणाल्या, पोर पीतच नाय आता. बकरीचं नाय, कसलंच नाय. तोंड फिरवते. आणि भुकेने रडत बी नाय. पोट बघा तिचं.

बघितलं. तट्ट भरलेलं होतं. ओठ पांढरे.

बळीराम म्हणाला, बान पुसा. मी म्हटलं, ऑइलपेंट आहे बाबा, पावसाळ्यातही जायचा नाही. दगडाने घासून पाहिलं म्हणाला, तर रेष नुसती पसरते. मग पुन्हा काटे टाक की, मी म्हणालो. त्याने मान हलवली. हाताने उघडलेली वाट मग बुजत नाय, म्हणाला. फिरवता येते फक्त.

कोणत्याही डॉक्टरला दाखव, असं सांगून उतरलो. आणखी काय करणार? पोराला जंत झाले की पोट फुगतंच.

१२ जानेवारी, रविवार

हरामखोर! माझे सगळे बाण फिरवलेत. टोकं शेणाने बुजवून, चुन्याने नवी टोकं उलट्या बाजूला काढलीत. वाडीकडून खाली, ओढ्यावरून, खाचरांतून. फाटकाच्या खांबावरचाही सोडला नाही. त्याचं टोक आता माझ्या दाराकडे.

तणतणत वर गेलो. बळीराम अंगणात बसून कापसाने पोरीला दूध पाजत होता. ती चुटुचुटु पीत होती. म्हणाला, हो साहेब, मीच फिरवले. माझी पोर हाय. मला आनिक कोन हाय?

माझा राग तिथेच विरला. पोर दूध पितेय, बरं झालं. बाणांचं बघू, मंडळी येण्याच्या आदल्या दिवशी रंगवून टाकू.

१७ जानेवारी, शुक्रवार

आली आमची स्वारी! नीताच्या भावाने दोघांना टॅक्सीने आणून सोडलं. आख्ख्या घराला बाळाचा वास आला. पाळणा टांगला, मीच झोका दिला. नीता म्हणाली, एवढं लांब घर का घेतलंत हो, हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. म्हटलं, डोंगर आहे की!

२० जानेवारी, सोमवार

कारखान्यातून आलो तर नीता खुशीत. म्हणाली, बरं झालं बाई पाठवलीत ती. तेल लावते, न्हाऊ घालते, बाळ हूं की चूं करत नाही तिच्या हातात. बोलत मात्र नाही बापडी.

मी कोणतीही बाई पाठवलेली नाही. शेजारणींनी पाठवली असेल. पण शेजार आहे कुठे?

नीताला सांगितलं नाही. उगाच घाबरायची.

२१ जानेवारी, मंगळवार

बाळ अंगावर पीत नाही. नीता छातीला लावते, तो तोंड फिरवतो. दूध भरून नीताला ताप चढलाय. त्याला उपास घडतोय म्हणून ती रडते. तो रडत नाही.

पोट तट्ट.

२२ जानेवारी, बुधवार

रजा टाकली. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, मुलगा ठणठणीत आहे, वजनही चांगलं भरतंय, कोण म्हणतं पीत नाही? नीताला ताप एकशे चार, तिला हलवायचं नाही म्हणाले. पुण्याला नेण्याचं विचारलं तर चक्क ओरडले माझ्यावर.

दिवसभर दाराशी बसून होतो. कोणी आलं नाही. दुपारी औषध आणायला गेलो, गेलो आणि आलो. नीता तापात पुटपुटली, आत्ताच गेली ती बाई. केस किती ओले तिचे, तिला म्हणावं पुसत जा.

संध्याकाळी बाळाने गुळणी टाकली. दुधात रेती होती. ओढ्याची.

देवा रे.

२३ जानेवारी, गुरुवार

गाडीरस्त्याने पळत वर गेलो. बळीरामच्या पाया पडलो. खरंच पडलो. माझ्या घरी पोर आहे हे ऐकून त्याने मला दंडाला धरून उठवलं. म्हणाला, मला ठावं नव्हतं साहेब, आईची आन, मला वाटलं तुमी एकलेच हाय. पोराला घेऊन पनवेल सोडा, म्हणाला. आजच.

नीता उठूही शकत नाही. तिला टाकून पोर कसं नेऊ? आणि नीताच्या हातून पोर काढून घेऊ कसं?

मी म्हटलं, मग बाण पुन्हा फिरवू. दोन दिवस, फक्त दोनच दिवस. नीताचा ताप उतरेपर्यंत. तू पोरीला घेऊन खाली ये, माझ्याकडे राहा. त्याने घरातल्या आईकडे पाहिलं. मग म्हणाला, आई हालत नाय हितून. आनि पोर तिच्याशिवाय ऱ्हात नाय. साहेब, असं करू नका. तुमी बी बाप हाय.

म्हणूनच तर.

२४ जानेवारी, शुक्रवार

पुण्याच्या मंडळींना तार केली, येऊ नका. नीताच्या भावाला तार केली, ये. तो उद्या दुपारी येईल. उद्या दुपारपर्यंतच फक्त —

आज जागचा हललो नाही. बाळाला मांडीवर घेऊन बसलो. डुलकी लागली असेल, क्षणभरच. जागा झालो तर त्याच्या ओठांना दूध. माझ्या सदऱ्यावर कोणाच्या तरी केसांचं पाणी.

नीता आतल्या खोलीत होती. कोरडी होती.

रंगाचा डबा बाहेर काढून ठेवला आहे. बळीरामची पोर डोळ्यांपुढे येते. चुटुचुटु पिणारी. मला माफ कर रे बाबा.

२५ जानेवारी, शनिवार

पहाटे निघालो. सगळे फिरवले. चुन्यावर ऑइलपेंट चढवला, जाड, दोन-दोन हात. वाडीच्या खळ्यापासून सुरुवात केली आणि खाली येत गेलो. वाडीत कोणाशी नजर भेटू नये म्हणून मान खाली. चंद्रावतीबाईंचा खोकला ऐकू आला. थांबलो नाही. फाटकावरचा शेवटी. टोक डोंगराकडे.

झालं. जा. तुझ्या पोरीकडे जा.

दुपारी

पाळणा रिकामा.

नीता उठून बसली आहे, ताप उतरलाय. हसते माझ्याकडे बघून. म्हणते, बाई आत्ताच आली होती. आज बोलली पहिल्यांदा. म्हणाली, मी निघते घरी. बाळ तिला सोडेना म्हणून मीच म्हटलं, ने थोडा वेळ कडेवर —

मी तिला जायची वाट दाखवली. एकटीने जा असं कुठे —

फाटकावरचा रंग ओला आहे. बाणाच्या टोकावर एक पंजा उमटलाय. एवढासा. पाच बोटं.

नीताला सांगितलं नाही. पळत सुटलो. वही खिशातच राहिली. खिंडीत क्षणभर बसलोय. ओढ्यातल्या दगडावर पंजा होता. कारवीतल्या दगडावर होता. इथेही आहे, रंग अजून बोटाला लागतो, म्हणजे फार पुढे नाही —

वर वाडीत बळीरामची पोर रडतेय. भुकेली रडतेय, टाहो फोडून. माणसांचा गलका. बळीराम भामीला हाक मारतोय, साहेबाचं पोर ठेव खाली, पाज तिला, आपल्या पोरीला पाज —

माझं बाळ रडत नाही. कानात जीव आणून ऐकतोय. ती त्याला खाली ठेवत नाही. तिला आता दुसरं कोणी नकोच, ती त्यालाच घेऊन —