मागून कुणी येत नाही अशी वाट

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे, पोहे झाकून ठेवलेत. मी सायकल घेऊन छावणीकडं गेले आहे, आठपर्यंत येते. शोधायला निघू नका.

सावनी येऊन मला इंग्लंडला घेऊन गेली, तेव्हाची एक गोष्ट तुम्हाला फोनवर सांगितली नाही. तिच्या गावामागं रेल्वेची जुनी लाइन आहे. गाडी बंद झाली तर त्या लोकांनी रूळ काढून सायकलींसाठी सुरेख वाट केली. मैलोन्‌मैल एक मोटार नाही की हॉर्न नाही. दोन्ही बाजूंना झाडं, पलीकडं मेंढरं चरतायत. सत्तरीच्या बायका घंटी वाजवून हसत पुढं जातात. किती कौतुक करू!

मी नकोच म्हणत होते. पोरगी म्हणाली, “आई, इथं मागून कुणीच येत नाही.” तेवढं ऐकलं आणि सायकलवर बसले. आधी लटपटले, मग नऊ किलोमीटर गेले. एका दगडी पुलावर थांबून रडले. सावनीला वाटलं, पाय दुखतोय.

जालना रोडला मला ट्रकनं मागून उडवल्यापासून चार वर्षं तुम्ही मला एकटीला फाटकाबाहेर सोडलं नाही. तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले, ते विसरले नाही. पण आता माझी भीती गेलीय, तुमची तेवढी राहिलीय.

छावणीत, लष्कराच्या हद्दीत, सकाळी रस्ता मोकळा असतो. उद्या तुम्हीही चला.

फोन मुद्दाम घरी ठेवलाय, नाहीतर दर पाच मिनिटांनी कराल.

कालिंदी