शेवटचं काँक्रीट परवा

कोल्हापूर,
२५ एप्रिल १९७४

प्रिय ऑगस्टीन,

आपलं जुनं कौलारू चर्च तुला आठवतच असेल. लांबट, अंधारं. खांबाआड बसून आपल्याला फादरांची पाठ तेवढी दिसायची. म्हणूनच नव्या चर्चचा नकाशा काढताना तू आत एकही खांब ठेवला नाहीस. पंख्यासारखं पसरलेलं छत, वेदी भिंतीपासून पुढे ओढलेली, फादरांचं तोंड लोकांकडे. नकाशा पाहून मी घाबरलो होतो. काळ्या दगडाचं जोतं वर आलं, छत भरत गेलं, तसा धीर आला.

मंगळवारी, तुझ्या पत्रातल्या तारखेप्रमाणे, छताखालचे टेकू काढले. बाळासो मिस्त्री सकाळीच म्हणाला होता, "मास्तर, दिवस भरलं न्हाईत की अजून." मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. काँक्रीट ओतल्यापासून एकवीस दिवस मोजूनच साहेबांनी तारीख दिलीय, असंही वर सांगितलं. स्वतः मात्र मोजले नाहीत. दुपारी वेदीच्या वर हातभर भेग दिसली. बाळासोनं सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि एकट्यानं आत जाऊन टेकू परत लावले. मी दारात उभा होतो.

काल चर्चची कमिटी बसली. तात्या गायकवाड म्हणाले, मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं. बाळासोला बोलावलं, तर तो एवढंच म्हणाला, "मास्तरास्नी इचारा." सगळे माझ्याकडे पाहू लागले. बघून सांगतो, असं मी म्हणालो. मला तेव्हाच शंका आली होती का? खरं सांगायचं तर, आली होती.

घरी येऊन डायरी काढली. तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल तिच्यात असते. चार एप्रिलच्या पत्राच्या शेवटी आहे: "शेवटचं काँक्रीट परवा." पुढे क्रियापद नाही. डायरी लिहून लिहून ते गाळायची सवय लागलीय. मला म्हणायचं होतं, सहा तारखेला ओतायचंय. तू वाचलंस, दोन तारखेला ओतलं. तुझे एकवीस दिवस तेवीसला भरले. छताचे सतराच झाले होते. बाळासोनं बोटांवर मोजले होते, आणि बरोबर मोजले होते.

आज पाच वाजता त्याला कामावरून काढायचा ठराव आहे. तो झाला तर या गावात त्याला पुन्हा कुणी छत भरायला बोलावणार नाही. ठराव सेक्रेटरीनं, म्हणजे मी, लिहून न्यायचाय. मी हे पत्र नेणार आहे. बाळासोला समोर बसवून ते वाचीन आणि मगच पोस्टात टाकीन. तू लगेच ये, छत वाचतंय का ते सांग. आधी कळवणार असलास, तर पाकिटावर माझं नाव नको, नुसतं 'सेक्रेटरी' घाल. संध्याकाळनंतर तो कोण असेल, मला माहीत नाही.

तुझाच,
सिरिल