डाव्या गुडघ्याची पट्टी

दादा,

तू नसलास की तुझी लेक फुटबॉल काय भन्नाट खेळते, माहितीये? सुसाट पळते, पडते, खिदळत उठते. पण तू मॅचला येणार म्हटलं की गुडघ्याला पट्टी बांधून बेंचवर बसते. मागच्या मॅचला पट्टी डाव्या गुडघ्याला होती, आज तू पोचायच्या आधी पाहिलं तर उजव्या.

"अगं, नक्की दुखतोय कुठला?" मी हसत विचारलं.

ती रडायलाच लागली. "आत्या, आम्ही हरलो की बाबा माझ्याशी बोलतच नाहीत. तू कोच आहेस ना? मला नको ना खेळवूस."

तुला सांगितलं तर तू तिचा खेळच बंद करशील, म्हणून हे पत्र माझ्या बॅगेतच राहणार.

फायनलला तू येतोयस. पट्टी मीच बांधून देईन, न विसरता डाव्या गुडघ्याला.

तुझी धाकटी