पोरले माय पाहिजे, का पिशवी?

२ फेब्रुवारी १९९३

आज तीन पिशव्या! गर्भाशय म्हणत नाही इथे कोणी. पिशवी. जळगावच्या आमच्या दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन आलं, तेव्हापासून येईल त्या बाईची पिशवी खराब निघते. कंबर दुखते — पिशवी खराब. अंगावरून जातं — पिशवी खराब. डॉक्टर सांगतात, बाया नुसत्या बघत राहतात. मग मला हाक. "सिस्टर, जरा तुमच्या बोलीत समजवा." मी जवळ बसते, हात हातात घेते आणि अहिराणीत सांगते, "आज गाठ शे, उद्या कॅन्सर व्हई. पोरेसले माय पाहिजे, का पिशवी?"

हे वाक्य माझं आहे. डॉक्टरांनी शिकवलेलं नाही. ते ऐकून एकही बाई परत गेली नाही. ऑपरेशनचे सात हजार. मला दर बाईमागे पाकीट, वर माझं नाव.

५ फेब्रुवारी

धुळ्याहून पुष्पीचं पत्र. माझी धाकटी बहीण. पोटात दुखतं म्हणे. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, महिन्याभरात थांबेल म्हणाल्या. पण फुकटच्या गोळ्यांवर हिचा विश्वास नाही! "अक्का, तुमना दवाखानामा मोठं मशीन शे. मी तठेच दाखाडसू."

सव्वीस वर्षांची आहे. एक मुलगी. दुसऱ्यासाठी चार वर्षं डोळे लावून बसली आहे.

येऊ नकोस — एवढंच तर लिहायचं. दोन शब्द.

६ फेब्रुवारी

लिहिलं नाही.

९ फेब्रुवारी

दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. येऊ नकोस म्हटलं की ती विचारणार, का गं अक्का? काय सांगू? दर दिवाळीला मीच तिच्यापुढे मिरवलं — आमचे डॉक्टर, आमचं मशीन! शेवटी लिहिलं, "सध्या मला फार काम आहे. उन्हाळ्यात ये. गोळ्या बंद करू नकोस."

पेटीत टाकलं. भित्रीचं पत्र!

१४ फेब्रुवारी

नशिराबादची जैनब. मशीनवर कपडे शिवून घर चालवते. चालवायची. ते शिलाई मशीन विकून नवऱ्यानं पैसे आणले. तो विचार करायला अजून दोन दिवस मागत होता, तर तीच त्याला म्हणाली, "बच्चों को माँ होना, के थैली? सिस्टर बराबर बोलते." माझं वाक्य तिच्या तोंडी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर खुशीत. "बघितलंत सिस्टर? लोकांकडे पैसा असतो." चीड आली. गिळली. पिंप्राळ्याच्या माझ्या घराचा हप्ता याच पाकिटांतून जातो ना! त्यांना काय नावं ठेवू.

१९ फेब्रुवारी

उद्या-परवा भडगावला शिबिर. मोफत तपासणी. मोफत! ऑपरेशनला मात्र इथेच यायचं.

पुष्पीचं उत्तर नाही. म्हणजे ऐकलं असावं. बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी

संध्याकाळी भडगावहून आलो. एकशे दहा बाया तपासल्या, चौदा 'खराब'. सामान ठेवायला वॉर्डात गेले. सहा नंबरच्या खाटेवर पुष्पी. हाताला सलाईन.

काल आली. इथे मागे राहिलेल्या धाकट्या डॉक्टरांनी मशीनवर बघितलं, आज सकाळी ऑपरेशन. तिच्या नवऱ्यानं, अभिमननं, सही केली. आमची आया प्रमिलाबाई कौतुकानं सांगत होती, "तुम्ही नव्हत्या, पण काही अडलं नाही हो सिस्टर. फार रडत होत्या. अजून एक लेकरू पाहिजे म्हणे. मी तुमचंच वाक्य म्हटलं. लगेच तयार!"

पुष्पी गुंगीतच होती. "अक्का, तुले काम व्हतं ना, म्हनीसन कळाडं नही." मग माझा हात धरून, "पोरले माय पाहिजे ना, अक्का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आत जाऊन बरणीतली पिशवी पाहिली. अठरा वर्षं पाहते आहे मी. त्या पिशवीला काहीही झालेलं नव्हतं. दोन शब्द लिहायचे होते मला. दोन!

२३ फेब्रुवारी

टेबलावर पाकीट. वर माझं नाव. डॉक्टर म्हणाले, "पेशंट तुमच्यामुळेच आली ना." ते पाकीट त्यांच्या टेबलावर परत ठेवलं.

दुपारी भडगावच्या बाया आल्या. पहिली शेवंताबाई, तिशीचीसुद्धा नसेल. तिच्याजवळ बसले, हात हातात घेतला. या वेळी खरं बोलले. "घर जाय, माय. तुले काहीच व्हयेल नही. गोळ्या खाय, बरं वाटी."

तिनं हात सोडवून घेतला. सहा नंबरच्या खाटेकडे बघितलं. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, ती सिस्टरांची सख्खी बहीण.

"मंग तुमनी बहीणनी पिशवी आठे कसाले काढी?"