रोझविटासाठी आयव्हीचं लिक्विड

२ ऑक्टोबर, सकाळी १०
माझी बायको रोझविटा न्यूर्नबर्गला वेरेनाकडे गेली त्याला आज तेवीस दिवस झाले. आई लेकीकडे जाते, यात विशेष काही नाही. दोन मोठ्या बॅगा नेल्या. बायकांना कपडे लागतात.
आज सिंकमधला ढीग बघताना एकदम उलगडा झाला. बाजारचं लिक्विड! छत्तीस वर्षं त्याने तिचे हात लाल व्हायचे, भेगा पडायच्या. ती दाखवायची. मी बघायचोसुद्धा, पेपर खाली ठेवून. कधीकधी. म्हणजे बाई घर सोडून गेली ती केमिकलमुळे.
निर्णय: भांड्यांचं लिक्विड घरीच करायचं. स्वस्त, शुद्ध, नदीला न बाधणारं. ती येईल तेव्हा सिंकपाशी बाटली तयार.

४ ऑक्टोबर
साबणाची वडी किसली, गरम पाण्यात विरघळवली, वर दोन चमचे धुण्याचा सोडा. रेसिपीत एकच होता. नेटवरचे लोक भित्रे असतात. दोन लिटर झालं, दुधासारखं.
रोझविटाला फोन करून सांगितलं. म्हणाली, "बरं." आवाजात उत्सुकता वाटली.

५ ऑक्टोबर
लिक्विड बाटलीतून बाहेर येईना. घट्ट झालंय. ब्रेडच्या सुरीने बाटली कापली, तर आतून बाटलीच्याच आकाराचं पुडिंग निघालं आणि ओट्यावर उभं राहिलं. लिक्विड म्हणता येणार नाही, पण तुकडे पाडून वापरता येतं. प्रवासात सोयीचं.

७ ऑक्टोबर
सगळे ग्लास पांढुरके. नॉयबर्टबाईंना दाखवले. (शेजारीण. विधवा. प्रत्येक गोष्टीत मत.) म्हणाल्या, "अहो ब्रेंडेल, आपल्या वुर्त्सबुर्गचं पाणी जड. साबण घातलात की चुना धरणारच. शेंबडं पोरही सांगेल."
मी पाणीपुरवठा कार्यालयात एकतीस वर्षं काढली आणि ह्या मला पाणी शिकवतात! पण ग्लास उचलून घरी आलो. कार्यालयात माझ्याकडे बिलं होती. चुना दुसऱ्या खात्याकडे होता.

८ ऑक्टोबर
साबण बंद. आता आयव्ही. भिंतीवर चढणारी ही वेल उकळली की फेस येतो, निसर्गत:च. नॉयबर्टबाईंच्या भिंतीवर रग्गड आहे. आमच्या बाजूला लोंबत होती तेवढीच तोडली. थोडी पलीकडचीही.
पानं चिरली, दहा मिनिटं उकळली, गाळली. बाटली हलवली आणि फेस! "जमलं!" म्हणून मी मोठ्याने ओरडलो. घर फार शांत असतं दुपारी.
भांडी घासायला घेतली. ताटली एक, कप एक, काटा, सुरी. दोन मिनिटांत संपली. मग कपाटातला सेट काढून घासला. सहा जणांचा आहे.

१० ऑक्टोबर
वेरेनाचा फोन. मी आयव्हीचं सांगायला लागलो. ती म्हणाली, "बाबा, आईचं एकदा तरी विचार ना." म्हटलं, अगं, आईचंच तर चाललंय. तेवढ्यात फोन कट झाला. लाइन खराब असावी.

१२ ऑक्टोबर
मनगटापर्यंत लाल पुरळ. मेडिकलवाल्या बाई म्हणाल्या, आयव्हीचा रस काहींना सोसत नाही, हातमोजे घाला. हातमोजेच घालायचे तर निसर्गाचा उपयोग काय? सवय होईल.
बाथरूमच्या खणात रोझविटाचं मलम सापडलं. ट्यूब मागून घट्ट गुंडाळत आणलेली, शेवटचा थेंब काढण्यासाठी. मागे अशाच आणखी चार. ह्या तिने कधी वापरल्या? मला कधी दिसल्या नाहीत.
असो. विषय लिक्विडचा आहे.

१५ ऑक्टोबर
वस्तीच्या सभागृहात कार्यशाळा ठरवली: ‘फुकटात फेस’. शनिवारी चार वाजता. बारा खुर्च्या सांगितल्यात. कमी पडतील असं वाटतंय.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
आलं एक माणूस. नॉयबर्टबाई. त्यांना आयव्हीबद्दलच बोलायचं होतं, स्वत:च्या. "कोंबडी सोलावी तशी माझी भिंत सोललीत, ब्रेंडेल!" तरी बसल्या. मी बाटली उघडली आणि वास सुटला. दहा दिवसांत आंबलं. फ्रिजमध्ये ठेवायचं असतं म्हणे.
बाई नाकाला रुमाल लावून खुर्च्या रचू लागल्या. मग विचारलं, "रोझविटा कधी येणार?" म्हटलं, लवकरच. त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. म्हणाल्या, "उद्या बटाट्याचं सूप करतेय. या जेवायला." म्हटलं, वेळ नाही, ताजा घाणा काढायचाय.

२५ ऑक्टोबर
रोझविटा उद्या येतेय! स्वत: फोन केला. ताजं लिक्विड केलं, तीनदा गाळलं. रिबीन बांधावी का? नको, अति होईल. लेबल लावलं: ‘रोझविटासाठी’.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
आली. वेरेना गाडीतच थांबली. रोझविटाने हिवाळ्याचा कोट, बूट आणि शिलाई मशीन घेतलं. मी बाटली पुढे केली. तिने लेबल वाचलं आणि मग माझे हात पाहिले. हातात घेऊन उलटेपालटे केले. तिचे हात मऊ लागले. एकही भेग नाही.
मी म्हटलं, "बघ, आता तुझ्या हातांना त्रास नाही."
ती म्हणाली, "हार्टविग, मला लिक्विड कधी हवं होतं रे? एखाद्या संध्याकाळी तू उठून फडकं घेतलं असतंस. मी धुतलं असतं, तू पुसलं असतंस. दोन शब्द झाले असते."
मी विचारलं, "आज पुसू?"
ती हसली. हसू टोचणारं नव्हतं. म्हणाली, पुढच्या महिन्यापासून दोन खोल्या घेतल्यात, वेरेनाच्या जवळच. डिशवॉशर आहे.
मी म्हटलं, छान, डिशवॉशरला पाणी कमी लागतं. खरंच लागतं. मी वाचलंय.
मशीन मीच गाडीत ठेवलं. जड आहे.
आज भांडी नाहीत. जेवलोच नाही.